मेपलच्या झाडावरची मेंढरं

बालमित्रांनो, आज एका किड्याची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी माझी स्वतःची एक चूक सांगते.

आमच्या शाळेच्या परसबागेत वालाचा एक वेल होता. चौथीच्या मुलांनी तो लावला होता, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतल्या होत्या. पावसाळा संपला, वेलाला फुलांचे तुरे आले आणि एके सकाळी पोरं धावतच वर्गात आली. "बाई, बाई, आपल्या वेलाला कीड लागली!" जाऊन पाहते तो काय, सगळे कोवळे शेंडे काळे मिट्ट. मावा पडला होता. मुंग्यांची ये-जा चालली होती. आणि त्या माव्यातून काही करड्या-काळ्या, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या अळ्या फिरत होत्या. दिसायला अगदी भयंकर! मी लगेच निकाल देऊन टाकला, "ह्याच त्या चोर! काढा आणि चिरडा." मुलांनी मधल्या सुट्टीत पंचवीस-तीस अळ्या शोधून शोधून मारल्या. आम्ही खूश.

आठ दिवसांत मावा दुपटीने वाढला. फुलं गळाली, शेंडे वाळले. वालाची एक शेंगसुद्धा आमच्या वाट्याला आली नाही.

पुढे पालकसभेला एक शेतकरी बाबा आले होते. त्यांना मी ही हकिकत सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "बाई, त्या अळ्या म्हणजे ढालकिड्याची पिल्लं. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा किडा असतो ना, त्याची. ती पिल्लं दिवसभर मावाच खातात. तुम्ही तर राखणदारच मारलेत की!"

दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून मी मुलांना सांगितलं, की बाईंचं चुकलं. तेव्हापासून मात्र मी ठरवलं, की कोणत्याही झाडावर मावा दिसला तर हात लावण्याआधी नीट पाहायचं. पाहता पाहता या विषयाची गोडी लागली, पुस्तकं चाळली, आणि त्यात मला भेटला उत्तर अमेरिकेतल्या मेपलच्या झाडावरचा एक मावा. त्याची कथा एवढी रंगतदार आहे, की तिच्यात मेंढरं आहेत, धनगर आहेत, मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा आहे, आणि चक्क मांस खाणारं फुलपाखरूही आहे!

मावा म्हणजे कोण?

मावा तुम्ही पाहिलेला असणारच. ज्वारीच्या पोंग्यात, जास्वंदीच्या कळ्यांवर, वालाच्या शेंड्यांवर मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान, मऊ किडे गर्दी करून बसलेले दिसतात. ते पान कुरतडत नाहीत. माव्याचं तोंड सुईसारखं असतं. ती सुई पानात किंवा कोवळ्या फांदीत खुपसायची आणि आतला रस पीत बसायचं, एवढंच त्याचं काम.

आता झाडाच्या रसात साखर असते भरपूर, पण अंग वाढवायला लागणारी पोषकद्रव्यं अगदी थोडी. म्हणून माव्याला खूप खूप रस प्यावा लागतो. जास्तीची साखर मग शरीराबाहेर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने पडते. ज्वारीवर पडलेल्या या थेंबांना शेतकरी 'चिकटा' म्हणतात. मुंग्यांना हा चिकटा म्हणजे पेढा-बर्फीच. त्यासाठी त्या माव्याभोवती घुटमळतात आणि माव्यावर कोणी चालून आलं तर त्याला चावून हाकलूनही देतात. आपण गाय पाळतो, तिला वाघापासून राखतो आणि दूध काढतो, तसाच हा प्रकार.

झाडाला लोकर आली!

मेपलचं पान तुम्ही सर्वांनी पाहिलेलं आहे. कुठे म्हणाल? कॅनडाच्या झेंड्यावर! १५ फेब्रुवारी १९६५ पासून कॅनडाच्या राष्ट्रध्वजावर मेपलचं लाल पान आहे. मेपलच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांतल्या 'शुगर मेपल'च्या खोडाला भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून काकवीसारखा गोड पाक करतात. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळाची आठवण होते की नाही?

आपल्या गोष्टीतलं झाड मात्र 'सिल्व्हर मेपल' आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडाच्या आग्नेय भागात नदीकाठी आणि रस्त्याच्या कडेने ते वाढतं. त्याच्या पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची रुपेरी पांढरी असते. वारा आला की सगळं झाड चमचम करतं, म्हणून त्याला सिल्व्हर म्हणजे रुपेरी मेपल म्हणायचं.

वसंत ऋतू संपत आला, की या झाडाची काही पानं सुरकुतल्यासारखी, दुमडल्यासारखी दिसू लागतात. पान उलटून पाहिलं तर मधल्या शिरेच्या कडेने पांढऱ्या लोकरीचा पट्टा! ही लोकर म्हणजे माव्याचा पुंजका. या माव्याच्या पाठीवर मेण तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांतून मेणाचे अतिशय बारीक, पांढरे धागे बाहेर येतात. दिसायला लोकर, पण असतं ते मेण.

त्याच भागात ओढ्याकाठी, दलदलीच्या जागी 'आल्डर' नावाचं एक झुडूप वाढतं. त्याच्याही फांद्यांवर उन्हाळ्यात असेच पांढरे शुभ्र पुंजके दिसतात, आणि तेही एवढे दाट, की फांदीवर बर्फ साचलं असावं किंवा बुरशी आली असावी असं वाटतं. फुंकर घातली की ते 'बर्फ' हलतं!

दोन नावं, किडा एक

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात एसा फिच नावाचे एक गृहस्थ होते. शिकले होते डॉक्टरकी, पण जीव रमला किड्यांत. पुढे १८५४ साली राज्य सरकारने त्यांना किड्यांच्या अभ्यासासाठीच नेमलं. या फिच यांनी १८५१ साली आल्डरवरच्या लोकरी माव्याचं वर्णन केलं आणि त्याला 'टेसेलाटा' असं नाव दिलं. पुढे चार्ल्स रायली नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी मेपलच्या पानावरचा लोकरी मावा पाहिला आणि त्याला 'असेरिफोली' म्हणजे 'मेपलच्या पानावरचा' असं नाव दिलं.

झालं! दोन झाडं, दोन किडे, दोन नावं. पुस्तकांत दोघांना वेगवेगळी जागा मिळाली. अनेक वर्षं कोणालाच शंका आली नाही.

हा गुंता सोडवायला पुढे आल्या एक शाळेतल्या बाई. त्यांचं नाव एडिथ मेरियन पॅच. त्यांची हकिकत तुमच्या आईबाबांनाही आवडेल.

एडिथ यांचा जन्म १८७६ सालचा. लहानपणी त्यांना रानात भटकायचा आणि किडे-फुलपाखरं पाहायचा भारी नाद. हायस्कूलात असताना त्यांनी मोनार्क नावाच्या फुलपाखरावर एक निबंध लिहिला. त्या निबंधाला पंचवीस डॉलरचं बक्षीस मिळालं. त्या काळी ही रक्कम काही लहान नव्हती. मुलीने काय घेतलं असेल? कपडे? दागिना? छे! तिने जॉन कॉमस्टॉक या प्राध्यापकांचं कीटकांवरचं जाडजूड पुस्तक विकत घेतलं.

१९०१ साली पदवी मिळाली, पण कीटकांचा अभ्यास करण्याची नोकरी काही मिळेना. हे बाईमाणसाचं काम नव्हे, अशी तेव्हाची समजूत. मग दोन वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. १९०३ साली मेन राज्यातल्या विद्यापीठाकडून बोलावणं आलं, तेही अजब! तिथे कीटकशास्त्राचा विभाग उभा करायचा, पण त्या कामाला सुरुवातीला पगार नाही. एडिथ गेल्या. वर्षभरात त्यांनी आपलं काम असं दाखवून दिलं, की १९०४ मध्ये त्यांनाच त्या विभागाचं प्रमुख नेमण्यात आलं.

त्यांचा आवडता विषय कोणता, सांगा पाहू? मावा! १९०८ साली त्यांनी एक छोटंसं टिपण छापलं आणि 'टेसेलाटा' व 'असेरिफोली' यांचं नातं जगापुढे मांडलं. मेपलवरचा मावा आणि आल्डरवरचा मावा हे दोन वेगळे किडे नाहीतच. तो एकच किडा आहे, आणि तो वर्षातून दोनदा घर बदलतो! थिओडोर पर्गांडे या शास्त्रज्ञांनी १९१२ साली या किड्याचा संपूर्ण जीवनक्रम छापला. आज त्याचं शास्त्रीय नाव आहे 'प्रोसिफिलस टेसेलाटस'. फिच यांनी आधी नाव दिलं होतं, म्हणून त्यांचाच शब्द नावात कायम राहिला.

पॅचबाईंचं पुढे काय झालं? निबंधाच्या बक्षिसातून ज्यांचं पुस्तक घेतलं, त्या कॉमस्टॉक यांच्याच कॉर्नेल विद्यापीठातून १९११ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९३० साली अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. आणि हो, मुलांसाठीही त्यांनी किड्यांच्या, पक्ष्यांच्या गोष्टींची पुष्कळ पुस्तकं लिहिली बरं का!

दोन घरांतलं एक वर्ष

आता या माव्याचं वर्ष कसं जातं ते पाहू.

कडाक्याच्या थंडीत मेपलची पानं झडून गेलेली असतात. सालीच्या भेगांत इवलीशी अंडी दडलेली असतात. वसंतात कोवळी पालवी फुटायला लागली, की अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात. एकूण एक मादी! एखादी मादी पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेपाशी ठाण मांडते आणि रस पिऊ लागते. ही झाली त्या घराण्याची मूळ आई.

मोठी झाली की ती अंडी घालत नाही. सरळ जिवंत पिल्लांना जन्म देते. त्यासाठी तिला नराचीही गरज पडत नाही. पिल्लं सगळ्या मुलीच, आणि आईची हुबेहूब नक्कल. पान हळूहळू दुमडतं आणि त्यांच्यावर छप्परच तयार होतं.

उन्हाळा आला की मेपलची पानं जून होतात. मग जी पिढी तयार होते, तिला पंख फुटतात. साधारण जून-जुलैमध्ये ह्या पंखवाल्या माद्या मेपल सोडून आल्डरकडे उडतात. तिथे फांदीवर उतरून त्या पिल्लांना जन्म देतात. या पिल्लांना पुन्हा पंख नाहीत. ती फांदीला चिकटून रस पीत राहतात, त्यांना पुन्हा पिल्लं होतात आणि पाहता पाहता फांदी पांढरी होऊन जाते.

शरद ऋतूत गारठा पडू लागला की पुन्हा एक पंखवाली पिढी तयार होते. अंगावर पांढरी लोकर घेऊन उडणारे हे किडे पाहिले, की सावरीचा कापूस वाऱ्यावर तरंगतोय असं वाटावं. ते मेपलच्या खोडावर येतात आणि तिथे जन्म देतात बुटक्या नर-माद्यांना. वर्षभरात नर जन्मतात ते एवढ्याच वेळी. आणि आश्चर्य ऐका. या नर-माद्यांना तोंडच नसतं! जन्मभर उपवास. मादी सालीच्या भेगेत फक्त एक अंडं घालते आणि तिचं आयुष्य संपतं. ते अंडं पुढच्या वसंताची वाट पाहत राहतं.

काही मावा मात्र मेपलकडे परततच नाही. तो आल्डरपाशीच हिवाळा काढतो. म्हणून जिथे जवळपास सिल्व्हर मेपल नाही, तिथेही आल्डरवर पांढरे पुंजके दिसतात.

आलं ना लक्षात, दोन नावं का पडली होती? एकाने उन्हाळ्यातलं घर पाहिलं, दुसऱ्याने वसंतातलं. ये-जा करताना कोणी पाहिलंच नव्हतं.

मेंढीच्या कातड्यातला लांडगा

आता येऊ धनगरांकडे. या लोकरी माव्याचे धनगर म्हणजे मुंग्या. चिकट्याच्या आशेने त्या पुंजक्याभोवती राखण करतात. कोणी शिकारी कीटक आला की त्याला जबड्यात धरतात आणि फांदीवरून बाहेर काढतात.

पण लांडगाही काही कमी हुशार नाही. क्रायसोपा हे नाव शेतकऱ्यांच्या मुलांनी ऐकलं असेल. हिरव्या, जाळीदार पंखांचा नाजूक किडा. त्याची अळी माव्याची कर्दनकाळ असते. आपल्याकडेही मावा खाण्यासाठी या गोतातले किडे वाढवून शेतात सोडतात. अमेरिकेत या लोकरी माव्यातच राहणारी क्रायसोपाची एक जात आहे, 'क्रायसोपा स्लोसोनी'.

कॉर्नेल विद्यापीठातले शास्त्रज्ञ थॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की या अळीच्या पाठीवरही माव्यासारखीच पांढरी लोकर आहे. पण ही अळी स्वतः मेण तयार करत नाही. मग लोकर आली कुठून? त्यांनी नीट लक्ष ठेवलं. अळी माव्याच्या अंगावरची लोकर उपटत होती आणि आपल्या पाठीवर लावत होती! एकाच माव्याकडून जेवणही आणि कपडेही.

मग त्यांनी एक सोपा प्रयोग केला. काही अळ्यांच्या पाठीवरची लोकर काढून टाकली आणि त्यांना पुन्हा माव्यात सोडलं. मुंग्यांनी त्या उघड्या अळ्यांना लगेच पकडलं आणि पुंजक्याबाहेर काढलं. लोकर पांघरलेल्या अळ्या मात्र मुंग्यांच्या नाकासमोर निवांत मावा खात बसल्या. हा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. मेंढीचं कातडं पांघरून कळपात शिरलेल्या लांडग्याची गोष्ट आपण ऐकलेली असते. ती इथे एका फांदीवर रोज घडते!

तुम्ही विचाराल, मुंग्यांना वासही कळतो ना? मग वासावरून चोर ओळखू येत नाही? शाबास, प्रश्न बरोबर आहे. पुढे शास्त्रज्ञांनी तेही तपासलं. २००६ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की या माव्यात राहणाऱ्या शिकाऱ्यांच्या अंगावरची रासायनिक द्रव्यं माव्याच्या अंगावरच्या द्रव्यांशी मिळतीजुळती असतात. म्हणजे रूपही माव्याचं आणि वासही माव्याचाच. बिचाऱ्या मुंग्या काय करणार!

फुलाकडे न जाणारं फुलपाखरू

सर्वांत मोठी गंमत मी शेवटी ठेवली आहे.

फुलपाखरू म्हटलं की फुलातला मध आणि त्याचा सुरवंट म्हटलं की पानं खाणारा, असं आपण शिकतो. पण याच लोकरी माव्यात एक सुरवंट राहतो आणि तो पानाला तोंडही लावत नाही. तो खातो फक्त मावा! या फुलपाखराचं नाव 'हार्वेस्टर'. शास्त्रीय नाव 'फेनिसेका टार्क्विनिअस'. नारिंगी रंग, काळपट कडा, पंख पसरले तरी जेमतेम तीन सेंटिमीटर. पूर्णपणे मांसाहारी सुरवंट असलेलं उत्तर अमेरिकेतलं हे एकमेव फुलपाखरू.

फुलपाखरू लोकांच्या ओळखीचं होतं. ते आल्डरच्या आसपास उडताना दिसे, म्हणून त्याचा सुरवंट आल्डरची पानं खात असणार, असं लोक समजत. १८८६ साली चार्ल्स रायली (मेपलवरच्या माव्याला नाव देणारे तेच हे) आणि विल्यम हेन्री एडवर्ड्स यांनी या सुरवंटाचं खरं अन्न छापून जाहीर केलं.

मादी माव्याच्या पुंजक्यात किंवा त्याच्या जवळ अंडं घालते. छोटा सुरवंट माव्याच्या खाली रेशमी जाळं विणून दडून बसतो आणि खालूनच एकेक मावा फस्त करतो. थोडा मोठा झाला की तोही लोकर अंगावर घेतो. असा पौष्टिक आहार मिळाल्यावर वाढ भराभर होणारच. आठ-दहा दिवसांत तो पुरता वाढू शकतो. बहुतेक फुलपाखरांचे सुरवंट पाच टप्प्यांत मोठे होतात, याला चारच पुरतात.

त्याचा कोष बोटाच्या नखाएवढा असतो, आणि निरखून पाहिला तर त्यावर चक्क माकडाचा चेहरा दिसतो! दोन डोळे, चपटं नाक, सगळं जागच्या जागी.

कोषातून निघालेलं फुलपाखरूही फुलांकडे जात नाही. त्याची सोंड आखूड, फुलाच्या तळाशी पोहोचतच नाही. ते पितं काय? माव्याचा चिकटा! लहानपणी मावा खायचा आणि मोठेपणी माव्याचा गोड चिकटा प्यायचा. असं सगळं आयुष्य माव्यावर.

यावर तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळं अमेरिकेत! आम्हांला काय पाहायला मिळणार?" मिळेल ना! याच फुलपाखराच्या कुळातलं एक फुलपाखरू आपल्या महाराष्ट्रातही आहे. 'एपफ्लाय' म्हणतात त्याला. एप म्हणजे माकडाच्या जातीचा प्राणी. शास्त्रीय नाव 'स्पॅल्गिस एपिअस'. रंगाने मळकट करडं, त्यामुळे सहज लक्षात येत नाही. त्याची अळी पिठ्या ढेकूण खाते. जास्वंदीवर, सीताफळावर पांढरं पीठ सांडल्यासारखे किडे दिसतात, तेच हे पिठ्या ढेकूण. ही अळीही त्यांचं पांढरं पीठ अंगावर घेऊन फिरते आणि तिच्या कोषावरही माकडाचाच चेहरा असतो! मेपलचा देश कुठे, आपली जास्वंद कुठे. पण युक्ती तीच.

फवारू की थांबू?

आता एक विचार करायला लावणारा प्रश्न. अंगणातलं मेपलचं झाड असं पांढरं झालेलं पाहिलं, की तिकडच्या लोकांनाही वाटतं, चला, औषध फवारूया. चिकटा खाली पडतो, गाडीवर आणि बाकावर सांडतो, त्यावर काळी बुरशी चढते. त्रास होतो हे खरं. पण निरोगी झाड या माव्याने सहसा मरत नाही. काही पानं वाकडी होतात, काही गळतात आणि झाड पुन्हा सावरतं. म्हणून तिथले जाणकार सांगतात, की शक्यतो औषध मारू नका. कारण फवाऱ्याला काय कळतं? त्या पांढऱ्या लोकरीत मावा कोणता, क्रायसोपा कोणता आणि हार्वेस्टरचा सुरवंट कोणता, हे आपल्या डोळ्यांनाही पटकन ओळखता येत नाही. फवारा सगळ्यांनाच मारतो. आणि मावा गेला तर हार्वेस्टर फुलपाखरू जगणार कशावर?

एडिथ पॅच यांनी १९३० नंतरच्या दशकातच हा धोका ओळखला होता. किडे सरसकट मारत सुटलात, तर फुलांचं परागण करणारे आणि कीड खाणारे मित्रही मरतील, असं त्या तेव्हा सांगत होत्या. डीडीटीची फवारणी जगभर सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

आणि आपण हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तुमच्या आजोबांना विचारा. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात उसावर पांढरा लोकरी मावा आला. तो वेगळ्या जातीचा, पण तसाच मेणाची लोकर पांघरणारा. पानांच्या खालची बाजू पांढरी झाली, वरून चिकटा आणि काळी बुरशी. उभ्या उसाचं नुकसान पाहून शेतकरी हवालदिल झाले. आधी सगळे फवारणीच्या मागे लागले. पण पुरुषभर उंचीच्या उसात शिरून पानांच्या खाली फवारायचं कसं? शेवटी मदतीला आले ते किडेच. 'डिफा' नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी आणि 'मायक्रोमस' नावाचा क्रायसोपाचा भाऊबंद. ज्या उसात हे मित्र भरपूर होते, तिथली पानं कापून दुसऱ्या उसात नेऊन ठेवली जात. शेतकऱ्यांनी त्या काळात फवारणी टाळून या किड्यांना सांभाळलं, आणि दोन-तीन वर्षांत लोकरी माव्याचा जोर ओसरला.

याचा अर्थ कधीच औषध वापरू नये असा नाही. शेतकऱ्याचं पोट पिकावर असतं; कधी कधी इलाज नसतो. पण आधी वाकून पाहायचं, पान उलटून पाहायचं, कोण खातंय आणि कोण खाल्लं जातंय हे ओळखायचं, आणि मगच ठरवायचं. वालाच्या वेलापाशी मी नेमकं हेच केलं नव्हतं.

तुम्हीही पाहा

या आठवड्यात एवढं करा. वाल, चवळी, जास्वंद, रुई, ज्वारी, यांपैकी जे जवळ असेल त्याच्यावर मावा शोधा. रुईला पाहायला जाल तर चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि नंतर हात धुवा. एखादं भिंग मिळालं तर छानच. फांदी तोडायची नाही, किड्यांना हात लावायचा नाही. वहीत तारीख घाला आणि खाली चार रकाने आखा: मावा किती शेंड्यांवर आहे, मुंग्या आहेत का, ढालकिडा किंवा त्याची काटेरी अळी दिसते का, आणि आणखी कोण आहे. चार-चार दिवसांनी त्याच शेंड्यापाशी जाऊन पुन्हा नोंद करा. महिनाभरात तुमच्या वहीत एक गोष्ट आपोआप लिहून होईल.

पिठ्या ढेकूण दिसले तर तिथे जरा जास्त वेळ थांबा. काय सांगावं, नखाएवढ्या कोषातून एखादं माकड तुमच्याकडे पाहत असेल!

आमच्या परसबागेत मुलांनी पुढच्या वर्षी पुन्हा वाल लावला. मावा पुन्हा आला. त्याच्या मागोमाग काटेरी अळ्याही आल्या. या वेळी मुलांनी वेलापाशी एक पाटी लावली: 'राखणदार कामावर आहेत. हात लावू नये.' त्या वर्षी मात्र वालाच्या शेंगांची भाजी सगळ्या वर्गाच्या डब्याला पुरली.